इंचातील ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये उतरवताना

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. शिरोली एमआयडीसीतील आपल्या छोट्या वर्कशॉपला अमेरिकेतील ग्राहकाची ४०० स्टील बुशांची (आरपार भोक असलेल्या गोल नळकांड्यांची) पहिली ऑर्डर मिळाली आणि ड्रॉइंग इंचात होते. आपण प्रत्येक माप मोबाइलवर २५.४ ने गुणले, दशांशचिन्हानंतर दोन आकडे ठेवले आणि तोच मिलिमीटरचा कागद मशीनवर लावला. पाठवलेल्या मालातील ६२ नग ग्राहकाच्या नो-गो गेजवर (भोक प्रमाणाबाहेर मोठे असेल तरच आत शिरणाऱ्या तपासणीच्या दांड्यावर) नापास होऊन परत आले. त्याआधी, बोअर (आतले भोक) लहान भरला म्हणून, ३५ नग आपण स्वतःच बाजूला काढले होते. आता आपले तीन प्रश्न आहेत: अचूक रूपांतरासाठी कोणते ॲप वापरावे, दशांशानंतर किती आकडे घ्यावेत, आणि बाहेरच्या आट्यांचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर) १.८१४३ मिमी असा अवघड येतो तो १.७५ धरला तर चालेल का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. कोणतेही ॲप चालेल, आणि आपला गुणाकार मुळात चुकलेलाच नाही. १ इंच म्हणजे २५.४ मिमी हे समीकरण अंदाजाचे नसून व्याख्येचे आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी यार्ड म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर असे ठरवले, आणि त्यातून इंच नेमका २५.४ मिमी झाला. त्याआधी अमेरिकेचा इंच २५.४०००५ मिमीच्या आसपास होता आणि ब्रिटनचा २५.४ पेक्षा केसभर कमी. जमीन मोजणाऱ्यांना हा फरक मैलोगणती अंतरांवर जाणवत असे, म्हणून अमेरिकेत त्यांचा जुना ‘सर्व्हे फूट’ २०२२ च्या अखेरीपर्यंत चालू राहिला. आपल्या १६ मिमीच्या बोअरमध्ये मात्र तो फरक कोणत्याही गेजला दिसणार नाही.

बिघाड झाला तो गुणाकारानंतर. आकडा आखूड करताना आपण ग्राहकाने दिलेली हद्द नकळत सरकवली. आपण पाठवलेल्या मापांवरूनच हिशेब करतो, म्हणजे ६२ आणि ३५ या दोन्ही आकड्यांचा उगम एकाच ठिकाणी असल्याचे दिसेल.

ड्रॉइंगवर बोअर ०.६२५० ते ०.६२५५ इंच आहे. २५.४ ने गुणल्यावर खालची मर्यादा १५.८७५ मिमी आणि वरची १५.८८७७ मिमी येते. दोहोंमधील जागा केवळ ०.०१२७ मिमी, म्हणजे जेमतेम १३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) आहे. आपण दोन स्थळांपर्यंत राउंड ऑफ केले तेव्हा १५.८७५ चे १५.८८ झाले आणि १५.८८७७ चे १५.८९ झाले. शाळेत शिकवलेल्या नियमाप्रमाणे दोन्ही आकडे बरोबर आहेत, परंतु वरची मर्यादा २ मायक्रॉनहून थोडी अधिक वर सरकली आणि खालची ५ मायक्रॉन वर सरकली. ज्या नगाचा बोअर १५.८८९ भरला तो आपल्या कागदाप्रमाणे पास होता, पण ग्राहकाच्या हातातील नो-गो प्लग १५.८८७७ चा असल्यामुळे तो त्यात सहज शिरला. उलट ज्या नगाचा बोअर १५.८७७ भरला तो ग्राहकाला पूर्ण मान्य होता आणि आपण तो नापास केला. एवढ्याशा १३ मायक्रॉनच्या वाटणीत एका बाजूला परक्याची जमीन बळकावली आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची सोडून दिली, असे हे झाले.

यावरून मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत आलो ती पद्धत अशी. प्रथम इंचातच वरची आणि खालची मर्यादा काढावी. मग त्या दोन्ही आकड्यांना स्वतंत्रपणे २५.४ ने गुणावे आणि सगळे आकडे लिहून ठेवावेत. शेवटी राउंड करताना नेहमी आतल्या बाजूला करावे, म्हणजे वरच्या मर्यादेचे शेपूट कापून टाकावे आणि खालच्या मर्यादेला शेपूट असेल तर एक आकडा वर चढवावे. आपल्या बोअरसाठी असे केले तर १५.८७५ ते १५.८८७ मिमी ही हद्द मिळते. यात आपण एक मायक्रॉनही पूर्ण गमावत नाही आणि ग्राहकाच्या गेजवर नगही नापास होत नाही. मशीन सेट करताना मी मध्य धरला असता, म्हणजे साधारण १५.८८१.

अधिक-उणे पद्धतीने दिलेल्या मापात हीच चूक आणखी सहज होते, कारण तिथे मूळ माप आणि टॉलरन्स (मापात चालणारी अधिक-उणे सूट) वेगवेगळे राउंड केले जातात. समजा माप २.३७५ ± ०.००३ इंच आहे. थेट रूपांतर ६०.३२५ ± ०.०७६२ मिमी असे येते. बहुतेक जण त्याचे ६०.३३ ± ०.०८ करतात आणि वरची मर्यादा ६०.४१ होते, जेव्हा खरी मर्यादा ६०.४०१२ आहे. जवळजवळ ९ मायक्रॉनचे अतिक्रमण झाले आणि कागदावर कुठेही खाडाखोड दिसत नाही. मर्यादा आधी काढल्या असत्या तर ६०.२५ ते ६०.४० असे साधे, सुरक्षित आकडे मिळाले असते, आणि तेही दोनच दशांशस्थळांत.

म्हणूनच ‘किती आकडे घ्यावेत’ याला एकच उत्तर देता येत नाही, ते टॉलरन्सवर अवलंबून आहे. ढोबळ मानाने सांगायचे तर इंचातील एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी असतो. त्यामुळे इंचात तीन स्थळांपर्यंत दिलेल्या मर्यादांना मिमीत दोन स्थळे बहुधा पुरतात आणि इंचात चार स्थळे असतील तर मिमीत तीन लागतात. आपल्या बोअरच्या मर्यादा इंचात चार स्थळांच्या होत्या, तिथेच दोन स्थळे अपुरी पडणार हे ठरलेले होते.

येथे आणखी एक सापळा आहे आणि तो गणिताचा नाही, ड्रॉइंग वाचण्याचा आहे. ज्या मापांपुढे टॉलरन्स लिहिलेला नसतो त्यांच्यासाठी इंचातील ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत बहुधा असे सांगितलेले असते की, दोन दशांशस्थळांच्या मापाला अमुक इतका आणि तीन स्थळांच्या मापाला तमुक इतका टॉलरन्स घ्यावा. आकडे ग्राहकागणिक बदलतात, ते चौकटीतूनच घ्यावेत. पण अशा ड्रॉइंगवर .५० आणि .५०० ही दोन वेगळी मापे असतात, कारण शेवटचे शून्य टॉलरन्स सांगते. आपण दोन्हींचे १२.७ मिमी केले की ती खूण पुसली जाते आणि मशीनवरच्या माणसाला कोणते माप सैल आणि कोणते घट्ट हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून रूपांतराच्या कागदावर प्रत्येक मापापुढे दोन्ही मर्यादा लिहाव्यात, नुसते माप कधीही लिहू नये. अमेरिकी ड्रॉइंगवर दशांशचिन्हापूर्वीचे शून्य लिहिण्याची पद्धत नसते, हेही लक्षात ठेवावे. झेरॉक्समध्ये एक टिंब उडाले की .७५० चे ७५० होते. एवढे मोठे माप दिसल्यावर कुणीतरी थबकतोच, पण .०६२ चे टिंब उडाल्यावर ०६२ उरते आणि घाईत कुणी ते ६२ मिमी वाचलेले मी पाहिले आहे.

इतके सारे सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला असा आहे की, शक्य असेल तिथे रूपांतर करूच नये. आपल्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे, टर्निंग मशीन आहे. फानुक कंपनीच्या पद्धतीच्या कंट्रोलवर जी २१ ही आज्ञा म्हणजे मिमी आणि जी २० म्हणजे इंच, हे आपणास ठाऊक असेलच. ड्रॉइंग इंचात असेल तर प्रोग्रामही जी २० वर इंचातच लिहावा आणि बोअर डायल गेज ०.६२५० इंचाच्या रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य करावे. मग रूपांतराचा कागदच लागत नाही आणि कारागीर ग्राहकाचेच आकडे वाचतो. एका रिंग गेजचा आणि एका इंची मायक्रोमीटरचा खर्च ६२ परत आलेल्या नगांपुढे फार नाही.

मात्र जी २० वर जाताना दोन गोष्टींकडे पाहावे. पहिली गोष्ट फीडची, म्हणजे एका फेऱ्यात टूल किती सरकते त्याची. मिमीच्या सवयीने एफ ०.२ लिहिले तर इंच मोडमध्ये ते फेऱ्यामागे ५ मिमी होते, आणि त्यानंतर टूल, जॉब व कधी कधी चकचेही (जॉब धरणाऱ्या पकडीचेही) काय होते ते सांगायला नको. दुसरी गोष्ट टूल ऑफसेटची, म्हणजे प्रत्येक टूलसाठी मशीनमध्ये भरलेल्या मापांची. युनिट बदलल्यावर ऑफसेटचे आकडे आपोआप बदलतात की नुसते दशांशचिन्ह सरकते, हे त्या मशीनच्या पॅरामीटरवर अवलंबून असते. म्हणून मोड बदलल्यावर पहिला नग हवेत चालवून पाहावा, आणि प्रोग्रामच्या मध्येच जी २० वरून जी २१ वर कधीही उडी मारू नये.

ज्यांच्याकडे इंची मोजमापाची साधने नाहीत, कारागीर मिमीतच विचार करतात आणि ऑर्डर एकदाच यायची आहे, त्यांनी रूपांतर करायला हरकत नाही. अशा वेळी ते एकदाच व्हावे, एकाच माणसाने करावे आणि दुसऱ्याने मूळ ड्रॉइंगशी ताडून सही करावी. ऑफिसात एकदा, मशीनवर एकदा आणि तपासणीच्या टेबलावर डिजिटल व्हर्नियरचे बटण दाबून पुन्हा एकदा असे तीन वेळा रूपांतर होऊ लागले की कोणता आकडा कुठून आला हे सांगता येत नाही. व्हर्नियरचा विषय निघाला म्हणून सांगतो: त्याच्या पडद्यावर ०.०१ मिमी दिसते याचा अर्थ तो १३ मायक्रॉनची हद्द तपासू शकतो असा नव्हे. त्याची स्वतःची चूकच त्याहून मोठी असू शकते. आपण बोअर गेज वापरला हे योग्यच केले. फक्त नग मशीनवरून उतरल्याबरोबर मोजू नये. ड्रॉइंगवरचे माप २० अंश सेल्सिअसचे मानतात, आणि कापून नुकताच काढलेला बुश गेजपेक्षा १८ अंशांनी गरम असेल तर आपल्या बोअरमध्ये ३ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे आपल्या हद्दीचा चौथा हिस्सा उष्णतेनेच खाल्ला.

आता आट्यांकडे वळतो. १.८१४३ चा पिच १.७५ धरला तर चालणार नाही, आणि यामागचे कारण बोअरपेक्षा वेगळे आहे. आपल्या ड्रॉइंगवर ७/८-१४ यूएनएफ (अमेरिकी बारीक आट्यांची पद्धत) असे लिहिले आहे. याचा अर्थ ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. २५.४ ला १४ ने भागले की १.८१४३ येते. १.७५ धरल्यास प्रत्येक आट्यामागे ०.०६४ मिमीची तूट पडते. आपल्या १५ मिमी लांबीत साधारण आठ आटे बसतात, म्हणजे शेवटच्या आट्यापर्यंत तूट अर्ध्या मिलिमीटरवर जाते आणि नट दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. सीएनसीवर मिमीत आटे पाडायचेच असतील तर एफ १.८१४३ असे चारही आकडे द्यावेत. १.८१ लिहिले तरी आठ आट्यांत ०.०३ मिमीहून अधिक फरक साचतो. आणि बाहेरचा व्यास ७/८ इंच म्हणजे बरोबर २२.२२५ मिमी ठेवू नये. बाहेरच्या आट्यांच्या नेहमीच्या २ए वर्गात तो मुद्दाम किंचित कमी ठेवलेला असतो. त्याच्या मर्यादा गुणाकाराने मिळत नाहीत, त्या आट्यांच्या तक्त्यातूनच घ्याव्या लागतात.

आटे ही वस्तू अशी आहे की तिथे आकड्याचे रूपांतर करून नवी वस्तू मिळत नाही, तिचे नुसते नाव समजून घ्यावे लागते. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. नवखा असताना भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये अमेरिकी मशीनसाठी अर्ध्या इंची नट बनवण्याचे काम माझ्याकडे आले. खणात अर्ध्या इंचाचा टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) होता, मी तो लावला आणि दिवसभरात पन्नास नट पाडले. एकही नट मशीनच्या स्टडवर तीन फेऱ्यांपलीकडे गेला नाही. माझा टॅप व्हिटवर्थचा होता, इंचाला १२ आटे आणि कोन ५५ अंश. स्टड यूएनसीचा, म्हणजे अमेरिकी जाड आट्यांचा, होता, इंचाला १३ आटे आणि कोन ६० अंश. व्हिटवर्थची ब्रिटिश पद्धत १८४१ ची आणि यूएनसीच्या मुळाशी असलेली सेलर्सची अमेरिकी पद्धत १८६४ ची. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या नेहमीच्या मापांत दोघांच्या आट्यांची संख्या जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे, फक्त अर्ध्या इंचाला ती वेगळी पडते. म्हणून इतर मापांत कोनाचा फरक असूनही काम कसेबसे ढकलले जाते, आणि अर्ध्या इंचाला माणूस नेमका फसतो.

पाइपांच्या बाबतीत तर नावाचा आणि मापाचा संबंधच सुटलेला आहे. ‘अर्धा इंच बीएसपी’ (ब्रिटिश पाइप आटे) म्हटलेल्या आट्यांवर कुठेही १२.७ मिमी सापडत नाही, त्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी असतो. अर्धा इंच एनपीटीलाही (अमेरिकी पाइप आटे) इंचाला १४ च आटे असतात, पण त्याचा कोन ६० अंशांचा आणि आटे १६ ला १ अशा उताराचे असतात. दोन्ही एकमेकांत थोडे शिरतात आणि दाब दिला की गळतात. पत्र्याच्या गेजचेही तसेच: १६ गेज म्हणजे आपल्याकडील एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजप्रमाणे १.६३ मिमी, अमेरिकी स्टील पत्र्यात सुमारे १.५२ मिमी आणि अमेरिकी विजेच्या तारेत १.२९ मिमी. आपल्या बांधकामांवर ‘चार सुती’ म्हणून मागितलेली सळई १२ मिमीची मिळते, हिशेबाने मात्र आठ सुतांचा इंच धरला तर चार सूत १२.७ मिमी होतात. तिथे कुणी तक्रार करत नाही, कारण ते नाव आहे हे सगळ्यांना माहीत असते. ड्रॉइंगवर एखादा आकडा दिसला की तो माप आहे की नाव, हे आधी विचारावे.

आपण जाता जाता वडिलांच्या जुन्या लेथचा उल्लेख केला आहे. त्याचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा असल्यामुळे तो आता उपयोगाचा नाही, असे आपणास वाटते. माझे मत अगदी उलट आहे. इंचाला १४ आटे त्यावर ४ भागिले १४, म्हणजे २० आणि ७० दात्यांच्या गिअरने, कसलेही रूपांतर न करता नेमके पडतात. मिमीचे आटे पाडायचे असतील तर मात्र १२७ दात्यांचा गिअर लागतो. ४ आट्यांच्या स्क्रूचा पिच ६.३५ मिमी आहे. १.५ मिमीचा पिच हवा असेल तर १.५ भागिले ६.३५, म्हणजे ३० भागिले १२७ हे प्रमाण येते. १२७ हा आकडा २५.४ ची पाचपट आहे आणि मूळ संख्या असल्यामुळे त्याचे लहान भाग पडत नाहीत, म्हणून एवढा मोठा गिअर टाळता येत नाही. जागा नसेल तर काही लोक ६३ दात्यांचा गिअर जोडीला घेऊन काम भागवतात. त्यात आठ हजारांत एक भाग, म्हणजे मीटरमागे ०.१२५ मिमीची चूक राहते. नटबोल्टच्या आट्यांना ती जाणवतही नाही, लांब लीड स्क्रू बनवायचा असेल तर चालत नाही. हा गिअर हातात घेतला की २५.४ हा आकडा आपल्याला दात्यांत मोजता येतो, त्यामुळे मला तो फार आवडतो.

ड्रॉइंगवरील बाकीच्या मापांविषयी थोडक्यात सांगतो. फिनिश (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) मायक्रोइंचात असेल तर ६३ म्हणजे १.६ आणि ३२ म्हणजे ०.८ मायक्रॉन धरावे, तिथे अधिक दशांशांची गरज नसते. हीट ट्रीटमेंटच्या सूचनेत मात्र जपावे. ‘टेम्परिंग ४०० ± २५ अंश फॅरनहाइट’ याचे रूपांतर २०४ ± १४ अंश सेल्सिअस असे होते. तापमानातून ३२ वजा करायचे असतात, तापमानाच्या फरकातून नाही. एका जॉबकार्डावर मी ‘२०४ ± –४’ असे लिहिलेले पाहिले आहे. उणे टॉलरन्स कसा पाळायचा, हे भट्टीवाल्याने विचारले म्हणून ती चूक सापडली.

आता परत आलेल्या मालाविषयी. नो-गो शिरलेल्या ६२ नगांचा बोअर मोठा आहे आणि तो लहान करता येत नाही. त्यांतील बहुतेक नग मर्यादेच्या एक-दोन मायक्रॉनच बाहेर असतील, तेव्हा प्रत्येकाचे खरे माप लिहून ग्राहकाकडे सवलत मागून पाहावी. ती मिळेल की नाही हे बुश कुठे बसणार आहे यावर अवलंबून आहे, आणि ते ग्राहकालाच ठाऊक. पण त्याआधी आपण लहान म्हणून बाजूला काढलेल्या ३५ नगांची पेटी भंगारात गेली नसेल तर ती उघडावी, नग थंड असताना १५.८७५ च्या खऱ्या मर्यादेवर पुन्हा मोजावेत. त्यातील ज्यांचा बोअर १५.८७५ ते १५.८८० मध्ये असेल ते सगळे चांगले आहेत आणि ते आजच पॅक करून ठेवता येतील.